तंबू धरणाकाठी, झोप गच्चीवर!

पवना झालं. पानशेत झालं. मुळशीला तर इतक्यांदा जाऊन आलोय, की तिथला भजीवाला आता आम्हाला ओळखतो. पाण्याकाठी ओळीने ठोकलेले निळे-पिवळे तंबू, बार्बेक्यूचा धूर, रात्री उशिरापर्यंत ढणाढणा वाजणारा स्पीकर आणि सकाळी कांदेपोहे. पॅकेज संपलं, टाटा बाय-बाय! पुणेकराला ‘लेकसाइड कॅम्पिंग’ म्हटलं की गाडीचं तोंड आपोआप पश्चिमेकडे वळतं. सह्याद्री, धुकं, हिरवळ वगैरे वगैरे. पूर्वेला कुणी कॅम्पिंगला जातं का राव?

आम्ही गेलो. आणि का गेलो, त्याची एक छोटीशी स्टोरी आहे.

आमच्या टीममध्ये एक ‘निमोणेकर’ आहे. आडनाव वेगळंच, पण दर सोमवारी ‘गावाला गेलो होतो’ असं म्हणत डोळे चोळत येतो, म्हणून हे नाव पडलं. गाव निमोणे, तालुका शिरूर, जिल्हा पुणे. तर या निमोणेकराने एक दिवस कँटीनमध्ये लॅपटॉप उघडला आणि आम्हाला चक्क एक्सेल शीट दाखवली. घोड धरणाचं पाणी त्याच्या शेतापर्यंत येतं. पुण्यापासून दोन-अडीच तास. रात्री आभाळभर तारे. पश्चिमेला मरणाची गर्दी आणि इकडे कुणीच नाही. “म्हणजे काय? मार्केट गॅप!” दहा तंबू, शनिवार-रविवारचे तीस लोक, घरचं जेवण, आठ महिन्यांत पैसे वसूल. फक्त सुरुवातीला चौघांनी दीड-दीड लाख टाकायचे.

आता मार्च महिना. बोनस नुकताच खात्यावर आलेला. माझी एक एफडीही मुदतीला आलेली. आणि रोज नऊ तास स्क्रीनसमोर बसणाऱ्या माणसाला ‘स्वतःचं काहीतरी’ हे दोन शब्द किती गोड लागतात, ते तुम्हाला मी सांगायला नको. निमोणेकर तर नोकरी सोडायच्या तयारीतच होता. राजीनाम्याचा ड्राफ्ट मी स्वतः वाचला होता, स्पेलिंग मिस्टेकसकट.

मी एकच अट घातली. पैसे देण्याआधी एक रात्र तिथे राहून बघायचं. आपणच पहिले कस्टमर!

नगर रोडची तपश्चर्या

शनिवारी सकाळी सहाला खराडीहून निघालो. आम्ही दोघी, ते दोघे. डिकीत दोन तंबू, चार स्लीपिंग बॅग्ज, शेगडी आणि गुंडाळलेला एक फ्लेक्स. हो, पठ्ठ्याने फ्लेक्सही छापून आणला होता! ‘लेकसाइड कॅम्प, निमोणे’. खाली सूर्यास्त, त्याखाली कुठल्यातरी परदेशी तळ्यातली बदकं.

नगर रोडबद्दल काय बोलावं? वाघोलीला पहाटेच जाग आलेली. कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर करत कंटेनरच्या मागेमागे रांगायचं. शहराचं नाव आता अहिल्यानगर झालं, तरी रस्त्याला सगळे अजून नगर रोडच म्हणतात, आणि ट्रॅफिकमध्ये काडीचा फरक नाही. रांजणगावला महागणपतीसमोर हात जोडले. अष्टविनायकांतला हा गणपती आणि त्याच्याच शेजारी एमआयडीसीची अवाढव्य शेड्स. एकाच गावात फ्रीज, मोटारी आणि मोदक!

शिरूरचं जुनं नाव घोडनदी. जुन्या लोकांच्या तोंडी अजूनही ते येतं. इथून न्हावऱ्याच्या दिशेला वळलो आणि पिक्चरच बदललं. हॉर्न बंद. दोन्ही बाजूंना ऊस, कांदा, मध्येच पाण्याविना पडलेला माळ आणि त्यावर बाभळी. कांदा काढणीचे दिवस होते. शेतात बायका ओळीने बसून पात कापत होत्या आणि काचा खाली केल्या की सगळ्या गाडीत ओल्या कांद्याचा वास.

“हा आमचा रूम फ्रेशनर,” निमोणेकर म्हणाला.

हा कसला वसंत?

होळी होऊन दहा-बारा दिवस झाले होते. कॅलेंडरप्रमाणे वसंत. पण डोक्यातला वसंत घेऊन इथे आलात तर फसाल. शिरूर हा पर्जन्यछायेतला तालुका. वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही लहरीचा. मार्चच्या मध्यावर गवत वाळून सोनेरी झालेलं असतं, माती तडकायला लागलेली असते. मग वसंत कुठे असतो? झाडांवर. कडुलिंबाला बारीक पांढरा मोहर आलेला, त्याचा कडवट-गोड वास संध्याकाळी अंगणात उतरतो. करंजाला पोपटी कोवळी पालवी, इतकी चमकदार की तेल लावलंय असं वाटावं. पिंपळ तांबूस. चारी बाजूंनी वाळलेल्या रानात ही दोन-चार झाडंच जणू नवे कपडे घालून उभी. पश्चिमेचा हिरवा गालिचा बघून बघून आपले डोळे आळशी झालेत, हे मला तिथे पहिल्यांदा कळलं.

आणि मग, बांध ओलांडला की समोर एकदम पाणी. निळं, पसरलेलं, शांत. “च्यायला!” आमच्या चौघांतला सगळ्यात सभ्य माणूस म्हणाला.

घोड नदी उगम पावते सह्याद्रीत, भीमाशंकरच्या बाजूला आहुप्याजवळ. वर डिंभे धरणात थांबते, पुढे मीना आणि शिरूरच्या आसपास कुकडी तिला येऊन मिळतात आणि मग चिंचणीला तिला पुन्हा अडवलंय. हे धरण झालं १९६५ मध्ये. तीन किलोमीटरहून लांब मातीची भिंत, उपयुक्त साठा साडेपाच टीएमसीच्या आसपास. टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट. अंदाज यावा म्हणून सांगते, आपल्या खडकवासल्याच्या जवळजवळ पावणेतीनपट. उजवा कालवा शिरूरच्या शेतांना, डावा पलीकडे श्रीगोंदा-कर्जतकडे. म्हणजे भीमाशंकरच्या जंगलात पडलेला पाऊस इथे येऊन उसात आणि कांद्यात शिरतो. इथल्या माणसाचं नशीब शंभर किलोमीटर दूरच्या ढगांवर!

निमोणेकराच्या घरी आजी, आई-वडील, चुलते, चुलती असा भरलेला गोतावळा. पोचल्या पोचल्या ताक. मग जेवायला मासवडी. नावावर जाऊ नका, मंडळी. यात मासा नसतो. बेसनाच्या पोळीत तीळ-खोबऱ्याचं सारण भरून केलेली वडी आणि सोबत झणझणीत रस्सा. बाजरीची भाकरी चुरून खायची. आमच्यातला डाएटवाला तीन भाकरी खाऊन खांबाला टेकला.

आजी माझ्याजवळ येऊन बसल्या. “कुणाची गं तू पोरी?” इथून सुरू झालेली चौकशी पगारापर्यंत गेली. मग मी विचारलं, “आजी, धरण झालं तेव्हा तुम्ही इथेच होतात?”

“मी तवा नवी नवरी. सासऱ्यांची नदीकडंची काळी जमीन व्हती. समदी पाण्यात गेली. सासरे रोज सकाळी काठावर जाऊन बसायचे. काय बघता म्हनलं, तर म्हनायचे, आपली इहीर बघतो.” आजी थोडं थांबल्या. “पण पाणी आलं म्हनून तर ही पोरं शिकली. काय म्हनावं त्याला?”

काय म्हणणार? मी मुकाट्याने ताक प्यायले.

पाणी गेलं की शेत येतं

चारनंतर ऊन कलल्यावर आम्ही काठाकाठाने चालायला निघालो. ट्रेक म्हणू नका, चढ-उतार नाहीच. पण जाऊन-येऊन सात-आठ किलोमीटरची तंगडतोड झाली आणि मुळशीच्या कुठल्याही ट्रेलपेक्षा जास्त बघायला मिळालं. आमच्यासोबत निमोणेकराचे वडील होते. त्यांना सगळे नाना म्हणतात. नाना बोलायला कमी. हातात काठी, चालायला मात्र आमच्या पुढे.

दिवाळीत काठोकाठ असलेलं पाणी मार्चपर्यंत कालव्यांतून वाहून मागे सरकतं. मागे राहतो तो गाळ. आधी ओला, मग भेगाळलेला, मग चॉकलेटच्या तुकड्यांसारखा सुटा. जिथे ओल आहे तिथे लोक पेरणी करतात. याला गाळपेर म्हणतात. खत नको, नांगर नको, धरणाने आणून दिलेली माती. एका पट्ट्यात कलिंगडाचे वेल होते, एका पट्ट्यात चाऱ्याची मका. त्यापुढे शेकाट्या. लाल लांब पायांचा हा पक्षी पाण्यात उभा असला की हाय हील्स घातलेल्या मुलीसारखा दिसतो. टिटवी आमच्या नावाने शिव्या देत डोक्यावरून फिरत होती. खूप लांब, पाण्याच्या मध्ये नारिंगी-तपकिरी ठिपके. चक्रवाक! दुर्बिणीतून बघितलं तर जोडी-जोडीनेच. हे पाहुणे हिमालयापलीकडून येतात आणि मार्च सरता सरता परत निघतात. त्यांचा वीकएण्ड चार महिन्यांचा.

निमोणेकर मात्र पक्षी बघत नव्हता. तो पावलं मोजत होता. “इथे पाच तंबू. इथे बोनफायर. इथे फोटो पॉइंट.”

नाना थांबले. काठीने जमिनीवर एक रेघ मारली. “ही आपली हद्द. हिच्या खाली धरणाची जमीन. सरकारी. पाणी उतरलं म्हणून ती आपली होत न्हाय. गाळपेरीलासुद्धा परवानगी लागती.”

“नाना, तंबू काय कायमचे असतात का? काढता येतात.”

“तंबू काढशील. संडासाचा खड्डा काढशील का? तीस माणसांचा मैला जाईल कुठं? त्याच पाण्यात ना? खाली तेच पाणी लोकं पितात.”

एक्सेल शीटमध्ये संडासाची रांग होती, हे मला आठवत होतं. दर तंबूमागे खर्च वगैरे. पण ते पुढे कुठे जाणार, असा कॉलमच नव्हता. मी निमोणेकराकडे बघितलं. तो लांब चक्रवाकांकडे बघत होता. अचानक त्याला पक्ष्यांची आवड निर्माण झाली होती.

“तंबू काढा”

सूर्य बुडताना आम्ही नानांनी मारलेल्या रेघेच्या आतल्या बाजूला, उसाच्या शेतापासून साठ-सत्तर पावलांवर दोन्ही तंबू ठोकले. त्यातल्या त्यात सपाट जागा. फ्लेक्स बाभळीला बांधला. फोटो काढले. पाणी गुलाबी, मग जांभळं, मग काळं. खरं सांगते, त्या क्षणाला माझी एफडी मोडलेली होती. मनातल्या मनात मी दीड काय, दोन लाख टाकले होते.

साडेसातला नाना बॅटरी घेऊन आले. मागे चुलते.

“तंबू काढा आणि घरी चला.”

“का हो नाना?”

“वाघ हाये.”

शिरूरच्या बोलीत वाघ म्हणजे बिबट्या. निमोणेकर हसला. “नाना, तो उसात असतोच. मी लहानपणापासून बघतोय.”

“तू लहान असताना येवढे नव्हते. आन् तू आता लहान न्हायीस.”

मी पेपर वाचते, त्यामुळे माहीत होतं. पण पेपरात वाचणं वेगळं आणि उसाकडे पाठ करून अंधारात उभं राहणं वेगळं. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये याच तालुक्यात, वरच्या अंगाला असलेल्या पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत तीन जीव गेले. त्यात दोन लहान मुलं आणि एक म्हातारी बाई. लोक रस्त्यावर उतरले. शेवटी त्या बिबट्याला गोळी घालावी लागली. त्या दिवसांत तिथल्या बायाबापड्या गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जात होत्या, कारण बिबट्या नरडं धरतो. कुत्र्याच्या गळ्यात घालतात तसला पट्टा, माणसाच्या गळ्यात! तो फोटो मी ऑफिसमधल्या ग्रुपवर फॉरवर्ड केला होता आणि खाली सगळ्यांनी रडके चेहरे टाकले होते. मग लंच ब्रेक संपला.

हे असं का झालं, ते चुलत्यांनी तंबूचे खुंटे उपटता उपटता समजावलं. धरणं झाली, कालवे आले, ऊस वाढला. ऊस म्हणजे वर्षभर उभं राहणारं दाट रान. आत सावली, बाजूला पाणी, भोवती कुत्री, शेळ्या, डुकरं. बिबट्याला आणखी काय पाहिजे? आता तर अशा माद्या आहेत ज्या उसातच जन्मल्या, उसातच व्याल्या. जंगल त्यांनी बघितलेलंच नाही. आणि आपला हा वसंत म्हणजे नेमका ऊसतोडीच्या शेवटाचा काळ. फड तुटतात, आडोसा जातो, बिबटे या फडातून त्या फडात हलतात. तोडणीवाल्यांना पिल्लं सापडतात. मग वनखात्याची माणसं येतात, पिल्लं तिथेच टोपलीखाली ठेवतात आणि आई रात्री येऊन घेऊन जाते.

“म्हणजे कॅम्पिंगचा सीझन आणि त्यांचा शिफ्टिंगचा सीझन एकच,” आमचा डाएटवाला हळूच म्हणाला. कुणी हसलं नाही.

एक तंबू काढला. दुसऱ्याचा एक खुंटा दगडात असा रुतला होता की निघेना. “राहू दे, सकाळी बघू,” म्हणत तो तसाच सोडून आलो.

गच्ची, तारे आणि रात्रीची लाइट

झोपायची सोय घराच्या गच्चीवर. खाली शेळ्या लोखंडी जाळीच्या गोठ्यात बंद. जिन्याचं दार लावलेलं. वर आभाळ मात्र जाहिरातीत होतं तसंच, अजिबात फसवणूक नाही! अमावास्या दोन-चार दिवसांवर, चंद्राचा पत्ता नाही. पश्चिमेकडे मृग नक्षत्र कलायला लागलेलं, त्याच्याजवळ झगझगीत व्याध, खाली कृत्तिकांचा झुपका आणि ईशान्येकडून सप्तर्षी वर येत होते. पुण्यात मी इतके तारे शेवटचे कधी पाहिले? वारा गार, अंगावर गोधडी. आम्ही चौघं गप्प पडून होतो.

अकराच्या सुमाराला खाली हालचाल झाली. बॅटरीचा उजेड, काठीचा आवाज. मी कठड्यावरून वाकून पाहिलं. नाना आणि चुलते गमबूट घालून निघाले होते.

“कुठे निघालात?”

“पाणी द्यायला. या आठवड्यात रातची लाइट हाये.”

शेतीपंपाची वीज. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. म्हणजे आम्हाला ज्या शेताशेजारी झोपू दिलं नाही, त्याच शेतात हे दोघे साठीला टेकलेले भाऊ मध्यरात्री बारी बदलायला निघाले होते. एकाने बॅटरी मारायची, दुसऱ्याने वाकायचं. वाकलेला माणूस बिबट्याला माणूस वाटत नाही, चार पायांचं जनावर वाटतं, म्हणून मोबाइलवर मोठ्यांदा गाणी लावून ठेवायची. हे सगळं नानांनी इतक्या सहज सांगितलं, जसं आपण सांगतो की हिंजवडीला जायचं तर आठच्या आत निघा.

निमोणेकर उठला. काही न बोलता जिना उतरला, वडिलांच्या हातातून बॅटरी घेतली आणि त्यांच्यासोबत गेला. मी वरून तो उजेड उसाच्या कडेने लांब लांब जाताना बघत राहिले. मोबाइलवर जुनी लावणी वाजत होती. मध्येच कुत्री एकदम भुंकायला लागली, मग एकदम गप्प झाली. उजेड थांबला. गाणं चालूच. मोजून दोन मिनिटं असतील, पण मी कठडा इतका घट्ट धरला होता की सकाळी तळहाताला खर दिसत होती. मग उजेड पुन्हा हलायला लागला.

तो तीन वाजता परत आला. पाय चिखलाने भरलेले. “गेली दहा वर्षं मी पुण्यात झोपलेला असतो, तेव्हा हे रोज असं चालू असतं,” एवढंच म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून पडला.

खुंट्याजवळचे ठसे

सकाळी साडेसहाला उरलेला तंबू आणायला गेलो. तंबू जागच्या जागी. फ्लेक्सही जागच्या जागी. तंबूच्या दोरीपासून चार हातांवर, जिथे रात्री आम्ही भांडी विसळून पाणी ओतलं होतं, त्या ओल्या मातीत ठसे उमटले होते. गोल, चार बोटं, मागे गादी. आधी आम्ही ‘कुत्रं असेल’ म्हणून एकमेकांना धीर दिला. नाना वाकले. “कुत्र्याची नखं उमटतात. यात नखं हायेत का?”

नव्हती. मांजरकुळातली जनावरं चालताना नखं आत ओढून घेतात. ठसे तंबूच्या दारापर्यंत आले होते, एक फेरा मारला होता आणि पाण्याकडे निघून गेले होते. त्याने काही फाडलं नव्हतं, काही सांडलं नव्हतं. आला, बघितलं, गेला. तो बिचारा त्याच्या रोजच्या वाटेने पाणी प्यायला निघाला होता. वाटेत हे काय नवीन, एवढंच त्याला वाटलं असेल. तंबूच्या दारात उभं राहून मी आत बघितलं. आत माझी स्लीपिंग बॅग गेली असती.

नानांनी वनखात्याच्या माणसाला फोन लावला, ठशांशेजारी काडेपेटी ठेवून फोटो पाठवला. निमोणेकराने बाभळीवरून फ्लेक्स सोडला आणि घडी घातली. कुणी काही विचारलं नाही.

तीन हजार वर्षांपूर्वीचे शेजारी

परतताना वाकडी वाट करून इनामगावला गेलो. याच तालुक्यात, याच घोडच्या काठावर, धरणाच्या खालच्या अंगाला. बघायला म्हणाल तर फारसं काही नाही, नदीकाठची टेकाडं. पण डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी १९६८ ते १९८३ या काळात इथे उत्खनन केलं आणि एक अख्खं गाव मातीतून वर आलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर, झैनुद्दीन अन्सारी यांच्यासारखी मोठी नावं या कामाशी जोडलेली. इसवी सनपूर्व १६०० ते ७०० एवढा काळ इथे माणसं राहत होती. शंभरावर घरांचे अवशेष सापडले. ही माणसं बार्ली पिकवायची, गुरं पाळायची आणि ऐका, पुराच्या पाण्यासाठी त्यांनी बांध घालून पाट खणला होता! म्हणजे घोडचं पाणी अडवायची आयडिया १९६५ ची नाही, तीन हजार वर्षांपूर्वीची.

मुलं गेली तर त्यांना दोन रांजणांत, तोंडाला तोंड लावून, घराच्याच जमिनीखाली पुरायचे. चार पायांच्या एका मोठ्या मातीच्या रांजणात तर बसलेल्या स्थितीतला एक पुरुष सापडला, गावचा कुणी मोठा माणूस असावा. आणि शेवटच्या तीन शतकांत काय झालं? मोठी चौकोनी घरं जाऊन छोट्या गोल झोपड्या आल्या. पाऊस कमी झाला, शेती मोडली, लोक शेळ्या-मेंढ्यांच्या आणि शिकारीच्या मागे लागले, असं अभ्यासक सांगतात. मग गाव उठलं.

निमोणेकर टेकाडावर बराच वेळ उभा होता. “शाळेची सहल इथे आली होती,” तो म्हणाला. “आम्ही इथे क्रिकेट खेळलो. सरांनी काय सांगितलं, ते ऐकलंच नाही.”

एक्सेल शीटचं काय झालं?

न्हावरे, तळेगाव ढमढेरे, शिक्रापूर असं परत येताना गाडीत मीटिंग झाली. अजेंडा एकच. मी स्पष्ट सांगितलं, रात्रीच्या कॅम्पिंगला माझे पैसे नाहीत. शहरातून येणारी तीस माणसं, त्यांची लहान मुलं, रात्री दोनला लघवीला उठणारा एखादा काका, टाकलेलं खरकटं, त्यावर येणारी कुत्री आणि कुत्र्यांमागे येणारा तो. हे गणित मला झेपणार नाही. बाकीच्या दोघांनीही माना हलवल्या. मला वाटलं, निमोणेकर चिडेल.

तो म्हणाला, “नाना निघताना काय म्हणाले माहितीये? म्हणाले, लोकांना दिवसा आण. थंडीत हुरड्याला आण. पक्षी बघू दे, जेवू दे आणि उजेड असेपर्यंत घरी जाऊ दे. रात आपली न्हाय.”

राजीनाम्याचा ड्राफ्ट अजून त्याच्या डेस्कटॉपवर आहे. पण आता दर पंधरा दिवसांनी तो शुक्रवारीच रजा टाकून जातो, रात्रीच्या लाइटचा आठवडा बघून. माझी एफडी मी रिन्यू केली. येत्या डिसेंबरात हुरडा करायचा ठरलाय, पहिली गाडी आमच्या टीमची. आणि फ्लेक्स? तो काढलेल्या कांद्याच्या ढिगावर अंथरलाय. अवकाळीचं काही सांगता येत नाही. त्यावरची ती परदेशी बदकं आता निमोण्याचा कांदा राखतायत.

जायचंय?

कसं जाल : पुणे – शिक्रापूर – रांजणगाव – शिरूर आणि तिथून न्हावऱ्याच्या रस्त्याने निमोणे. वाघोलीचा ट्रॅफिक टाळायचा तर सहाच्या आत निघा. परतताना न्हावरे – तळेगाव ढमढेरे – शिक्रापूर हा रस्ता धरा.

कधी जाल : नोव्हेंबर ते मार्चचा मध्य. पाहुणे पक्षी तोवरच. एप्रिल-मेमध्ये ऊन सोसवत नाही.

काय बघाल : घोड जलाशयाचा काठ, रांजणगावचा महागणपती, इनामगावची टेकाडं. शिरूरपासून जवळच, कुकडी नदीने खडकात कोरलेले निघोजचे रांजणखळगेही याच फेरीत होतात. इनामगावात सापडलेल्या वस्तू मात्र पुण्यात, डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात बघाव्या लागतील.

काय पाळाल : गावात ओळख काढूनच जा. धरणाची भिंत आणि गाळपेरीची शेतं या फिरायच्या जागा नाहीत. गाळ वरून वाळलेला दिसला तरी आत पाय रुततो, म्हणून पाण्यात उतरू नका. सूर्य मावळायच्या आत उसापासून लांब या. मुलांना एकटं सोडू नका, वाकून बसू देऊ नका. खरकटं मागे ठेवू नका. बिबट्या किंवा पिल्लं दिसली तर फोटोसाठी मागे न लागता वनखात्याला १९२६ वर कळवा.

आणि हो, मासवडी चुकवू नका. मासा नसतो त्यात!